नाशिकमधील एका नर्सिंग प्लेसमेंट कार्यालयाची सेवा: सल्ला मोलाचा, पाठवणी घाईची

मुंबई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर, परिचारिकांना नोकरी मिळवून देणारे एक खासगी कार्यालय आहे. नाशिकला नव्याने आलेली परिचारिका म्हणून मी त्याची सेवा घेतली आणि आज त्यांच्याच मार्फत मिळालेल्या रुग्णालयात मी काम करते आहे. तरीही ही सेवा डोळे झाकून घ्यावी, असे मी कोणाला सांगणार नाही. तेथे मिळणारा सल्ला खरोखर मोलाचा आहे. पण त्याच कार्यालयातून मुलींना ज्या घाईने मिळेल त्या जागी पाठवले जाते, त्या घाईत नव्या परिचारिकेची पहिली दोन वर्षे वाया जाऊ शकतात. कार्यालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढील तक्रारींपैकी बऱ्याचशा या व्यवसायात इतरत्रही ऐकू येतात आणि एकट्याच कार्यालयावर त्यांचा ठपका ठेवणे योग्य होणार नाही.

मी लातूरला जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी केली आणि यजमानांची नोकरी अंबड औद्योगिक वसाहतीत असल्यामुळे पाथर्डी फाट्याजवळ राहायला आले. आमच्या क्षेत्रात पहिली नोकरी बहुतेक वेळा ओळखीने मिळते. ज्या रुग्णालयात प्रशिक्षणाच्या ड्युट्या केल्या तेथील इनचार्ज सिस्टर नाव सुचवतात, किंवा दोन वर्षे पुढे असलेली एखादी मुलगी ‘आमच्याकडे जागा आहे, फाइल घेऊन ये’ असा फोन करते. गाव बदलले की ही सगळी ओळख मागे राहते. नाशिकमध्ये रुग्णालयांना तोटा नाही. त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा शासकीय रुग्णालय, शालिमारचे संदर्भ सेवा रुग्णालय, महापालिकेची बिटको आणि झाकिर हुसेन रुग्णालये, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय, मुंबई नाका आणि इंदिरानगरच्या बाजूची मोठी खासगी रुग्णालये आणि गंगापूर रोड, कॉलेज रोडवर दाटीने वसलेली छोटी नर्सिंग होम्स. पण यांपैकी कोठे खरोखर जागा रिकामी आहे, कोठे नव्या मुलीला शिकवतात आणि कोठे पहिल्याच आठवड्यात एकटीला रात्रपाळी देतात, हे बाहेरगावच्या मुलीला कळायला मार्ग नसतो. हीच माहिती देण्याचे पैसे हे कार्यालय घेते.

शुल्काची रचना सोपी आहे. नोंदणीचे ५०० रुपये सुरुवातीला आणि नोकरीवर रुजू झाल्यानंतर पहिल्या पगाराची निम्मी रक्कम. त्याबदल्यात कागदपत्रांची तपासणी, मुलाखतीची तयारी आणि रुग्णालयांकडे शिफारस या तीन गोष्टी मिळतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी हे कार्यालय नावाजण्यासारखे आहे आणि त्याचे सारे श्रेय तेथे आठवड्यातून दोनदा बसणाऱ्या एका निवृत्त मेट्रन (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुख) मॅडमना जाते.

मॅडमनी माझी फाइल हातात घेतली आणि पहिल्यांदा तीतील सगळे कागद काढून टेबलावर पसरले. मग एकेक कागद उचलून पारदर्शक कप्प्यांत नव्याने लावायला सुरुवात केली: सर्वांत वर कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र, त्यामागे तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, मग डिप्लोमा, दहावी-बारावीचे दाखले, ओळखपत्र, आणि शेवटी हिपॅटायटीस बी लसीच्या नोंदीचे कार्ड. माझ्या कार्डावर तिसऱ्या डोसची तारीख पुसट झाली होती. ती त्यांनी चष्मा वर करून, कागद उजेडाकडे धरून वाचली आणि म्हणाल्या, “हे बघ बाळा, ही तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. शून्य, एक आणि सहा महिने, तिन्ही डोस झाले आहेत हे रुग्णालयाला दाखवणं तुझ्याच संरक्षणाचं आहे. लस जिथे घेतलीस तिथून पुन्हा लिहून आण, आणि जमलं तर अँटीबॉडीची तपासणीही करून घे.” प्रमाणपत्रांवरील माहेरचे नाव आणि आधार कार्डावरील सासरचे नाव यांत फरक असल्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये सोबत ठेवावा, हेही त्यांनीच सांगितले. लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेल्या कितीतरी मुलींचे काम याच एका फरकावर अडून राहते.

नोंदणीच्या बाबतीत त्या अतिशय कडक आहेत आणि ते मला मनापासून आवडले. कौन्सिलची नोंदणी नसलेल्या मुलीची शिफारस त्या करीत नाहीत, मग ती कितीही हुशार असो. महाराष्ट्रातच शिकलेल्या मुलीला जिल्हा बदलल्यामुळे वेगळी नोंदणी करावी लागत नाही. एकच नोंदणी राज्यभर चालते. कर्नाटकात किंवा मध्य प्रदेशात शिकून आलेल्या मुलीला मात्र मूळ राज्याच्या कौन्सिलकडून पत्र आणून महाराष्ट्र कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो. मॅडमचा सल्ला असा, की अशा मुलींनी नाशिकला घर शोधण्याआधी हा अर्ज करावा. एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. बाहेरच्या टेबलावरील कर्मचारी ‘नोंदणीचं काम आम्ही करून देतो’ असे सांगून त्याचे वेगळे पैसे मागतात. हा अर्ज स्वतः करता येतो आणि त्यासाठी मध्यस्थाची काहीही गरज नाही. खुद्द मॅडमनीही मला तेच सांगितले.

मुलाखतीची तयारी हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ छापाची प्रश्नोत्तरे पाठ करून घेण्यात मॅडम वेळ घालवत नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि विचारले, की ५०० मिलि सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि सेट एका मिलिलिटरला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला थेंब किती. मी गणित मांडून २१ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता: “आणि रुग्ण हृदयाचा असेल तर हे सलाईन लावण्याआधी तू काय बघशील?” अशा रीतीने प्रत्येक उत्तराच्या पाठोपाठ त्या रुग्णाला आणून उभे करतात. पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत का ढकलायचे नाही, सुई टोचली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे आणि कोणाला कळवायचे, एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत का सुरू व्हावे लागते, छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि तीस दाबांमागे दोन श्वास का, हे सर्व त्यांनी विचारले. जैववैद्यकीय कचऱ्यावर त्यांचा विशेष भर असतो. सलाईनची वापरलेली नळी लाल पिशवीत, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुया आरपार टोचल्या जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात, हे प्रत्येक मुलीला पाठ असते. पण वॉर्डात गर्दीच्या वेळी सुईला टोपण पुन्हा लावण्याची सवय हाताला लागलेली असते. म्हणून त्यांनी मला सिरिंज हातात देऊन तोंडी उत्तराऐवजी कृती करायला लावली. पुढे प्रत्यक्ष मुलाखतीत नर्सिंग सुपरिंटेंडेंटनी जवळजवळ हेच विचारले आणि माझी भीती त्या क्षणी गेली.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट मॅडमनी सहज बोलता बोलता सांगितली. माझे ध्येय पुढे सरकारी सेवेचे आहे हे ऐकून त्या म्हणाल्या, “मग पहिली नोकरी पगार बघून घेऊ नकोस, खाटा बघून घे.” कारण असे, की एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिला बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींना अनुभवाची अट नाही; जीएनएम झालेल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये मी कितीही मन लावून काम केले, तरी त्या परीक्षेच्या दारात ते काम मोजले जाणार नाही. अनुभवपत्रावर खाटांची संख्या, पदाचे नाव आणि रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख स्पष्ट असली पाहिजे, आणि हे पत्र मिळेल की नाही हे रुजू होण्याआधी विचारून घेतले पाहिजे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे मला कोणी सांगितले नव्हते. या एका वाक्यासाठी मी कार्यालयाला दिलेले पैसे सार्थकी लागले, असे मी मानते.

आता तक्रार. मॅडमच्या खोलीबाहेर जे टेबल आहे, तेथे बसणाऱ्या मंडळींचे काम रुग्णालयांचे फोन घेणे आणि मुली पाठवणे हे आहे; आणि त्यांना मॅडम काय सांगतात याच्याशी काही देणेघेणे नसते. माझ्या फाइलवर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात ‘५० खाटांपेक्षा अधिक’ असे लिहिले होते. तरीही दुसऱ्याच दिवशी मला फोन करून ज्या रुग्णालयात पाठवले गेले, ते जेमतेम तीस खाटांचे होते. तेथे जागा केवळ रात्रपाळीची होती, संपूर्ण मजल्यावर एकच परिचारिका, आणि मदतीला एक मावशी. पगार १४,००० रुपये सांगितला गेला. त्यांनी एक वर्षाचा बॉण्ड समोर ठेवला आणि मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे जमा करायला सांगितले. मी नकार दिला आणि कार्यालयात परत येऊन विचारले, तर टेबलावरील कर्मचाऱ्याचे उत्तर होते, “मॅडम, फ्रेशरला सुरुवातीला असंच असतं, तुम्ही जॉईन होऊन टाका, नंतर बदलू.” त्या रुग्णालयाच्या अटी त्यांना आधीपासून माहीत होत्या, हे त्याच संभाषणात उघड झाले.

मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेण्याच्या पद्धतीबद्दल मला स्पष्ट लिहायचे आहे. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवणे वेगळे आणि ते रुग्णालयाच्या कपाटात ठेवून देणे वेगळे. कागद अडकले की मुलगी अडकते. तिला दुसरीकडे मुलाखत देता येत नाही, सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीला जाता येत नाही, आणि पगार थकला तरी बोलता येत नाही. जे कार्यालय मुलींकडून शुल्क घेते, त्याने असे रुग्णालय आपल्या यादीत ठेवूच नये. मी हे मॅडमना सांगितले, तेव्हा त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी माझ्यासमोर टेबलावरच्या मुलाला बोलावून माझी फाइल स्वतःकडे घेतली. पुढची शिफारस त्यांनी स्वतः केली आणि ती योग्य होती. परंतु ज्या मुली मॅडम नसलेल्या दिवशी येतात, त्यांच्यासाठी कोण उभे राहणार?

टेबलावरून आणखी एक गोष्ट पुढे केली जाते, ती म्हणजे घरी जाऊन रुग्णसेवा. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाजवळ बारा तासांची ड्युटी, रोजचा मोबदला ठरलेला. हे काम कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पाठीला जखमा होऊ न देता रुग्णाला महिनोन्‌महिने सांभाळणे हे मोठे कौशल्य आहे. पण नव्या मुलीने ते पहिल्यांदा घ्यावे, हे मला पटत नाही. तेथे विचारायला वरिष्ठ सिस्टर नसते, रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर हाताशी क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची आणि साधनांची गाडी) नसते, आणि त्या दिवसांचे रुग्णालयाचे अनुभवपत्रही मिळत नाही. या कामाचे पैसे पहिल्या आठवड्यातच दिसतात, म्हणून घरची ओढाताण असलेल्या मुली त्याकडे वळतात आणि तेथेच राहून जातात.

पगाराबाबत कार्यालय गप्प राहते, आणि हा त्याचा मोठा दोष आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबद्दल शिफारशी केल्या. त्यांनुसार ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही पगार २०,००० रुपयांहून कमी नसावा. ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी परिचारिकेच्या वेतनापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावा. १०० हून अधिक खाटा असतील तर ही तफावत १० टक्क्यांपुरती असावी. आणि २०० हून अधिक खाटांच्या ठिकाणी वेतन सरकारी परिचारिकेइतकेच असावे. राज्याच्या सेवेतील अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे. हे आकडे आणि मला सांगितला गेलेला १४,००० चा आकडा शेजारी ठेवले की दुसरे काही बोलावे लागत नाही. शिफारशी पाळण्याची सक्ती रुग्णालयांवर नसल्यामुळे कार्यालय पगार वाढवून देऊ शकणार नाही, हे मला समजते. पण आपल्याला काय मिळायला हवे होते, याची माहिती मुलीला देऊन मग मुलाखतीला पाठवणे त्याला सहज शक्य आहे.

सध्या मी ज्या रुग्णालयात आहे, तेथे शंभराहून अधिक खाटा आहेत. सुरुवातीचा पगार १७,५०० रुपये ठरला. वर दिलेल्या हिशेबाने तोही फार कमीच आहे, परंतु नियुक्तीपत्र लेखी मिळाले, मूळ कागद पाहून लगेच परत दिले गेले, आणि पहिले काही आठवडे मला एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली ठेवले गेले. हातात येणारी रक्कम आणि सांगितलेला पगार यांतील फरकही नव्या मुलींनी आधी समजून घ्यावा. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाच्या १२ टक्के रक्कम कापली जाते. पगार २१,००० पर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विम्याचे ०.७५ टक्के कापले जातात, म्हणजे माझ्या बाबतीत महिन्याला साधारण १३१ रुपये. राज्यातील महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर लागत नाही, तरीही काही ठिकाणी तो कापला जातो, म्हणून पगाराची चिठ्ठी नीट वाचावी. विम्याची कपात ओझे वाटत असली तरी त्यामुळे कुटुंबावर उपचार होतात आणि प्रसूतीच्या काळात भरपगारी रजेचा लाभ मिळतो. तो नाकारून ‘सगळे पैसे हातात’ देणाऱ्या रुग्णालयाला भुलू नये.

राहण्याच्या सोयीसाठी कार्यालय एक यादी देते. गोविंदनगर, इंदिरानगर आणि मुंबई नाक्याच्या बाजूची मुलींची वसतिगृहे तीत आहेत आणि ज्या मुली एकट्या येतात त्यांना ती उपयोगी पडेल. ड्युटीचा विचार करूनच जागा घ्यावी. इव्हिनिंग ड्युटीचे हँडओव्हर (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणे) लांबले की सिटीलिंक बसच्या भरवशावर राहता येत नाही आणि रोजची रिक्षा पगारातून परवडत नाही.

सरकारी मार्गाबद्दल या कार्यालयाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये, कारण ते त्यांचे कामच नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी पदे, जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या जाहिराती, राज्याच्या भरती परीक्षा हे सारे आपण स्वतः पाहत राहावे लागते. महास्वयम पोर्टलवरील आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातील नोंदणीला पैसे पडत नाहीत, ती करून ठेवावी. शिवाय ज्या मुलीची फाइल नीट लावलेली आहे आणि जिला चार प्रश्नांची उत्तरे शांतपणे देता येतात, तिने मोठ्या रुग्णालयाच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटची वेळ मागून थेट भेटायलाही हरकत नाही. आमच्या वॉर्डात माझ्यानंतर रुजू झालेली धुळ्याची मुलगी अशीच, कोणालाही एक रुपया न देता आली. आम्हा दोघींचा पगार सारखाच आहे. माझा पहिला अर्धा पगार मात्र शुल्कात गेला.

पैशांच्या व्यवहारात एक खबरदारी घ्यावी. नोंदणीचे ५०० रुपये माझ्याकडून रोख घेतले गेले आणि पावती मागितल्यावर ‘नंतर देतो’ असे सांगितले गेले. ती मला मॅडमच्या मध्यस्थीनंतर मिळाली. रुजू झालेल्या मुलीने पहिल्या महिन्यातच रुग्णालयाच्या त्रासामुळे नोकरी सोडली, तर निम्मा पगार द्यायचा की नाही, याचा उल्लेख त्यांच्या अर्जावर कोठेही नाही. हा प्रश्न सही करण्याआधी विचारावा आणि उत्तर अर्जावरच लिहून घ्यावे. मी तसे केले, तेव्हा थोडी कुरकुर झाली, पण त्यांनी लिहून दिले.

मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बसतात. नोंदणी शुल्क भरण्याआधीही त्या कागदपत्रे पाहून देतात. बाहेरच्या टेबलावर ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही, त्यामुळे त्यांनाच भेटायचे आहे असे फोनवर आधी स्पष्ट सांगावे, मूळ कागदांसोबत झेरॉक्सचे दोन संच न्यावेत आणि आपल्या फाइलवर त्यांनी काय लिहिले आहे, ते तेथून निघण्यापूर्वी वाचून घ्यावे.